समुद्राला दिलेली पाठ

साल एकोणीसशे पंच्याऐंशी. भोपाळला जे झालं ते अजून ताजं होतं, आणि इकडे बोईसरमध्ये माणसं हवेचा वास घेत चालायला लागली होती. पूर्वी औद्योगिक वसाहतीचा वास आला की लोक म्हणायचे, "आज रंगाच्या कारखान्याला ऑर्डर मोठी दिसते." आता तोच वास आला की बोलणं मध्येच थांबायचं. चहाचा कप हातात तसाच राहायचा. कोणी तरी उठून दारापर्यंत जाऊन यायचं, "काही नाही" म्हणायचं, आणि बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. पण ते पहिल्यासारखं नसायचं.

हंसा तेव्हा पालघरच्या एका कॉलेजात संज्ञापन शिकवत होती. एका माणसाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनापर्यंत कसं पोचतं, किंवा का पोचत नाही, त्याचा तो अभ्यास. विभाग नवाच होता आणि प्राध्यापक तीन. दर वर्षी जूनमध्ये प्राचार्य या तिघांना हॉलमध्ये उभं करायचे आणि सांगायला लावायचे की आपण कुठे शिकवलं, कशावर संशोधन केलं. त्यांचं म्हणणं, समोरचा मास्तर कुठून आलाय ते पोरांना कळलं पाहिजे, म्हणजे तो असा का बोलतो तेही कळतं.

विभागप्रमुख नागोराव मराठवाड्यातले. नांदेडकडच्या एका कॉलेजात बारा वर्षं शिकवून आलेले, आणि डॉक्टरेट दवंडीवर. त्यासाठी गावंच्या गावं पायी हिंडले होते. भाषणाला उभे राहताना चक्क हलगी घेऊन यायचे. दोन ठोके द्यायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, हलगी काहीच सांगत नसते. ती माणसाला फक्त दारात आणते. सांगतो तो माणूस. हे एवढं समजायला मला सात वर्षं लागली." पोरं टाळ्या वाजवायची. त्यांचं नाव दवंडीसर पडलं होतं आणि त्यांना ते आवडायचं.

दुसरे कृष्णकांत, पालघरचेच. इंग्रजी व्यापारी पत्रं शिकवायचे. ते उठून म्हणायचे, "माझं संशोधन मासळीबाजारात चालतं. निबंध रोज दुपारी ताटात सादर होतो. मार्गदर्शक आमच्या सौभाग्यवती."

तिसरी हंसा. मुंबईच्या एका रात्रीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, एम. फिल. वर्तमानपत्रांत येणाऱ्या वाचकांच्या पत्रांवर. एवढं सांगून ती खाली बसायची. पाम गावाच्या पुढे खाडीकाठी टेंभी नावाची कोळ्यांची वस्ती आहे, आपण तिथल्या, आपली आई काशीबाई अजून सुकी मासळी विकते, हे ती लपवत नसे. पण हॉलमध्ये सांगतही नसे. मुंबईला तिच्या मार्गदर्शक बाईंनी एकदा विचारलं होतं, "तुमच्या गावात माणसं एकमेकांना निरोप कसे देतात, त्यावर का करत नाहीस तू?" हंसा हसून म्हणाली होती, "बाई, आमच्याकडे निरोप देत नाहीत, ओरडतात." बाई हसल्या नव्हत्या.

हंसाचा नवरा कमलाकांत मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रापार. मुलगी कमळी चार वर्षांची. पालघरला एका खोलीत राहून नोकरी करायची तर मूल बघणार कोण? म्हणून कमळी टेंभीला आजीजवळ असायची आणि हंसा शनिवारी दुपारी धावत घरी जायची. ती बसमधून उतरली की कमळी विचारायची, "आई, तू आज ऱ्हायाला का बघायला?" हंसा तिला कडेवर उचलून चालायला लागायची.

त्या जानेवारीत तहसील कचेरीतून कॉलेजला विचारणा आली. वसाहतीतून वायू सुटला तर आसपासच्या गावांना ताबडतोब कसं कळवायचं, ते तुमच्या विभागाने सुचवावं. नागोरावांना काय वाटलं असेल! ज्याला लोक इतकी वर्षं 'हलगीवरची पीएच. डी.' म्हणून हसत आले, त्याच विद्येला सरकार हात जोडून बोलावत होतं. ते महिनाभर गावागावांत फिरले. योजना सोपी होती. कारखान्याचा भोंगा तीनदा लांब वाजला की प्रत्येक गावात नेमलेल्या माणसाने हलगी वाजवायची. लोक दारात आले की ओरडून सांगायचं: घरात राहा, दारं-खिडक्या लावा, ओलं फडकं नाकाला धरा. एका कारखान्याच्या इंजिनिअरने समजावून सांगितलं होतं की हा वायू हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा सखल भागात उतरतो. उंचावर घरात बसलेला माणूस वाचतो, ओढ्याखाडीत सापडलेला नाही.

हे सगळं ठरत होतं तेव्हा हंसा मुंबईला विद्यापीठाच्या अभ्यासवर्गाला गेली होती. ती परत आली फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारच्या तासाला.

"या, या," कृष्णकांतांनी स्टाफरूममध्ये तिला खुर्ची दिली. "तुमच्या गावाचंसुद्धा आम्ही उरकून टाकलं बघा. टेंभीला हलगी कुठली असायला? सर म्हणाले, मोठा आवाज होईल असं काहीही चालेल. तुमचा तो म्हातारा, सुका, म्हणाला, परात हाय की! जागच्या जागी एकच ठोका देऊन दाखवला पठ्ठ्याने. काय आवाज हो! माझ्या डोक्यात दोन दिवस घुमत होता."

हंसा खुर्चीवर बसली नाही. तिने टेबलाची कड धरली.

"परात?"

"पितळेची. देवळात टांगलेली असते ती. का हो? काय झालं?"

हंसा बाहेर व्हरांड्यात आली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

टेंभीची ती परात एरवी कोणी हातातसुद्धा घेत नसे. होडी संकटात असली, वादळात मागे राहिली, खाडीच्या तोंडाशी उलटली, तरच ती वाजायची. आणि वाजवायची ती खाली बंदरावर, पाण्याच्या कडेला, दुसरीकडे कुठेही नाही. ती वाजली की चुलीवरची भाकर तशीच टाकून आख्ख्या वस्तीने पाण्याकडे धावायचं. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, पोरं कडेवर घेऊन. जो धावला नाही त्याच्या दारात पुढे वर्षभर कोणी पाणी प्यायचं नाही. आणि धावताना तोंड मिटलेलं ठेवायचं. कोणाची होडी, काय झालं, कोण बुडालं, काही विचारायचं नाही आणि कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. वाटेत ज्या होडीचं नाव निघेल ती समुद्र घेतो.

हंसा सहा वर्षांची होती तेव्हा तिचा बाप रामू ज्या होडीवर होता तिच्यासाठी परात वाजली होती. आईचा हात धरून उतारावरून पळताना तिने विचारलं होतं, "बाबा हाय काय गो त्याच्यात?" शेजारून धावणाऱ्या गोदूबाईने तिच्या तोंडावर इतक्या जोरात हात मारला होता की ओठ फुटला. बाकीचे परत आले, रामू आला नाही. त्यावरून तिला पुढे कोणी एक शब्द बोललं नाही. पण ती शिकली, एम. ए. झाली, एम. फिल. झाली, विचारणं-सांगणं हाच विषय घेऊन बसली, तरी ओठावरच्या त्या पांढऱ्या रेघेवरून आरशात बोट फिरायचंच.

आणि आता तीच परात वायू सुटल्यावर वाजणार होती. टेंभी म्हणजे उंचवटा. वस्ती वर, वाळूच्या टेकाडावर. घरात बसले असते तर केसाला धक्का लागला नसता. परात वाजवली की सगळे खाली खाडीत उतरणार होते, जिथे वायू उतरतो तिथेच. काशीबाई कमळीला कडेवर घेऊन उतरणार होती. आणि कोणी कितीही ओरडून सांगितलं तरी ऐकणार नव्हती.

ती नागोरावांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नागोराव गर्विष्ठ माणूस नव्हता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तिथं आवाजच निरोप असतो," ते शेवटी म्हणाले. "दारात येऊन ऐकायचं नसतं."

"ऐकायचं नसतंच, सर."

"मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, परात वाजली की लोक बाहेर येतात ना? तो म्हणाला, सगळे येतात. एक माणूस घरात ऱ्हात नाय." त्यांनी कपाळावर हात ठेवला. "मला किती आनंद झाला होता, बाई. मी तुम्हाला विचारलं नाही. पत्रं हा तुमचा विषय, असं धरून चाललो."

"मीच कधी सांगितलं नव्हतं, सर."

तोवर संध्याकाळ झाली होती, टेंभीची शेवटची एस. टी. निघून गेलेली. नागोरावांची स्कूटर बोईसरजवळ सरावलीला घरी. ते आगगाडीने येऊन-जाऊन करायचे, पोचेपर्यंत रात्र होणार, आणि खाडीकाठची ती वाट अंधारात स्कूटरची नव्हे. सकाळी हंसाने पहिल्या बसने सरावलीला यायचं, तिथून दोघांनी स्कूटरवर टेंभी गाठायची आणि सुकाला सांगायचं, परातीला हात लावू नको, असं ठरलं.

"एका रात्रीनं काय होतंय," नागोराव म्हणाले. म्हणाले खरे, पण ते वाक्य दोघांनाही आवडलं नाही.

सकाळी हंसा सरावलीच्या चाळीत पोचली तेव्हा उन्हं नुकती भिंतीवर आली होती. नागोरावांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, दाराशी बादली भरून ठेवली होती आणि तिच्या काठावर घरातले सगळे टॉवेल ओळीने वाळत घालावेत तसे टाकले होते.

"रोज भरून ठेवते," त्या म्हणाल्या. "आमचे हे गावाला शिकवतेत, मग घरात कामून नको? बसा बाई, चहा घ्या. तोंड किती सुकलंय तुमचं."

"नको. निघतोच आम्ही."

"घोटभर घ्या की. पोरगी आजीपाशी असती म्हणे तुमची? माझी दोघं तर मी शाळेतसुद्धा..."

आणि भोंगा वाजला. रत्नाबाईंनी कपबशी खाली ठेवून बादली जवळ ओढली. भोंगा थांबला. पुन्हा वाजला, लांब. चाळीत एवढी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचा नळ गळताना ऐकू आला. तिसऱ्यांदा वाजला.

"सुका," हंसा म्हणाली.

रत्नाबाईंनी दोन टॉवेल बादलीत बुडवून त्यांच्या गळ्यात टाकले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्याला त्या थांब म्हणाल्या नाहीत.

कुंभवलीतून जाताना हंसाने पाहिलं, योजना अगदी कागदावरच्यासारखी चालली होती. वसाहतीत काम करणारा रामकिसन, नागोरावांच्याच मुलखातला, हलगी वाजवत गल्लीतून जात होता. माणसं दारात येत होती, त्याचं ऐकत होती, मागे सरून दारं लावत होती. एका घराची फट आतून चिंध्यांनी बुजवणारे हातसुद्धा तिला दिसले.

"सर, चाललंय इथे!" ती मागून ओरडली.

नागोरावांनी स्कूटर अजून पिळली.

सकाळचा वारा पाठीमागून येत होता. कोळी त्याला मतलई म्हणतात, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. थंडीत तो उन्हं तापेपर्यंत टिकतो. लहानपणी हंसाला तो आवडायचा, कारण त्या वाऱ्यावर शिडं भरायची. आज तो मानेवर लागत होता आणि तिला वाटत होतं, आपल्याबरोबर अजून कोणी तरी त्याच वाटेने खाली चाललंय. ओढ्याच्या कडेने तिने पाहिलं. पाण्यावर पिवळसर धुकं होतं, कमरेएवढंच. धुक्यासारखं ते वर उठत नव्हतं. वळणावर वळत होतं, खड्ड्यात उतरत होतं, पुढे जात होतं. एका बांधावर बगळा पडला होता.

पाम मागे पडलं आणि परात ऐकू आली.

इतक्या वर्षांनी ऐकली तरी हंसाचं तोंड आपोआप मिटलं. तिला ओरडायचं होतं, पण दात उघडेनात. ती सहा वर्षांची झाली होती.

टेंभीचा रस्ता टेकाडाच्या पायथ्याशी दुभंगतो. एक वाट खाली बंदराला, दुसरी चढून वस्तीत. स्कूटर तिथे थांबली तेव्हा खाली पाण्याच्या कडेला पाठमोरा सुका दिसला. दोन्ही पायांत परातीचा दोर अडकवून तो मन लावून लाकडाने ठोकत होता. ठोके देऊन तो मध्ये मध्ये ओरडत होता, "घरात ऱ्हा! घरात ऱ्हा!" शिकवलेलं सगळं पाळत होता बिचारा. आणि खाडीच्या वरच्या अंगाने ते पिवळं धुकं बंदराकडे सरकत होतं.

वर उताराच्या तोंडाशी पहिल्या बायका दिसल्या.

"मी त्याला थांबवतो," नागोराव म्हणाले. "तुम्ही त्यांना." टॉवेल तोंडाला बांधत ते खाली पळाले. शहरी चपला होत्या पायात, वाळूत त्या मागेच राहिल्या.

हंसा उतार चढू लागली. "मागं जा! मागं जा गो, वायू हाय!" आवाज फुटला एकदाचा, पण ऐकतंय कोण? बायका येत होत्या, पदर खोचलेले, ओठ आत ओढलेले, नजर तिच्या खांद्यावरून पाण्याकडे. कोणी हंसाकडे पाहिलं नाही. सगळ्यांत पुढे गोदूबाई होती, म्हातारी झाली तरी तशीच दणकट. हंसाने तिचा दंड धरला. गोदूबाईने तिला अशी बाजूला सारली जशी वाटेवरची फांदी सारावी, आणि ती खाली गेली. तिच्यामागे, चार हातांवर, काशीबाई. कडेवर कमळी. कमळीने आईला पाहिलं, तिचं तोंड उघडलं, आणि काशीबाईने ते हाताने दाबून धरलं.

तो हात पाहिला आणि हंसाला आठवलं, की या धावण्याला थांबवणारी एकच गोष्ट आहे.

होडी सापडली, माणसं आली, म्हणजे जिचा माणूस आला ती बाई उतारावर समुद्राकडे पाठ करून जमिनीवर बसते. बाकी कुठल्याही वेळी, होड्या बाहेर असताना, टेंभीची बाई समुद्राला पाठ देऊन बसत नाही. दारात कोयता धरून मासळी चिरायची तरी तोंड पाण्याकडे. पाठ दिली म्हणजे, झालं, दिलास, आता तुझ्याकडे बघायचं कारण नाही. ती बसलेली दिसली की धावणारे जिथे आहेत तिथे थांबतात.

पण खोटी पाठ आजवर कोणी दिली नव्हती. दिली तर समुद्र ती खरी मानून घेत नाही, म्हणायचे. तो त्या बाईचा माणूस मोजून परत नेतो. आणि हंसाचा माणूस त्या दिवशी कुठल्या तरी समुद्रावरच होता.

हंसा बसली. वाटेच्या मधोमध, मांडी घालून, पाठ खाडीकडे करून.

समोर काशीबाई थबकली. तिच्या मागच्या बायका एकमेकींवर आदळत थांबल्या. पण परात वाजतच होती. पाठ दिली की परात थांबते. परात वाजतेय आणि ही बसलीय, हे कसं? काशीबाईचे डोळे एकदा पोरीकडे गेले, एकदा पाण्याकडे. तिने एक पाऊल पुढे टाकलं.

हंसाने हलायचं नव्हतं. मान वळवून मागे पाहिलं असतं तर पाठ मोडली असती आणि सगळ्या खाली सुटल्या असत्या. मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. तिला फक्त वास आला, कपडे धुवायच्या पावडरीसारखा, मग त्याहून उग्र, नाकात सुई घातल्यासारखा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरच्या बायकांची नजर तिच्या डोक्यावरून मागे गेली होती आणि त्यांचे चेहरे बदलत होते. त्यांना ते दिसत होतं. ते किती वर आलंय हे हंसा त्यांच्या डोळ्यांत वाचायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते वाचता येत नव्हतं. पाठीच्या मणक्यावर कोणी तरी गार बोट ठेवून उभं असावं तशी ती बसली होती. काशीबाईने दुसरं पाऊल टाकलं. आता कमळीचा पाय हंसाच्या हाताला लागेल इतका जवळ होता. तिने हात मांडीखाली दाबून ठेवला.

परात थांबली.

थांबली तसे काशीबाईचे आत ओढलेले ओठ सुटले. पहिला शब्द तिचा.

"कोन आला गो?"

"कोन नाय आला, आये," हंसा म्हणाली. खोकला आवरत, बसूनच. "होडी नाय. वायू हाय. पोरीला वर ने. घरात जा, दार लाव, पदर भिजवून नाकाला धर. सगळ्यांनी."

"मग तू पाठ..."

"आये, जा!"

काशीबाई आयुष्यभर पोरीचं ऐकत आली नव्हती. त्या दिवशी तिने ऐकलं. वळली आणि ओरडली, तिचा तो मासळीबाजारातला आवाज, "वर चला गो रांडांनो, ऐकू येत नाय काय? वर चला!" आणि सगळी वस्ती उलटी फिरून वर चढली. म्हातारा नवशा दोन पोरांना दोन्ही बगलांत मारून चढताना हंसाने पाहिला. सगळे पुढे गेल्यावर मग ती उठली आणि मागे पाहिलं.

बंदर दिसत नव्हतं. त्या पिवळ्यातून नागोराव वर येत होते, एका हाताने सुकाला ओढत, दुसऱ्या हातात परात. ती टाकून द्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या मागून हातापायांवर गोदूबाई. हंसा तोंडाला टॉवेल लावून खाली गेली आणि तिने गोदूबाईला धरलं. चौघं चढावर मधेच पडली. तिथपर्यंत ते धुकं आलं, घोट्यापर्यंत, आणि तिथेच राहिलं. मग उन्हं तापली, मतलई पडली, वारा फिरला, आणि ते पातळ होत निघून गेलं.

सुका तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. जाण्याआधी त्याने हंसाला विचारलं, "सगळी आली ना गो भायेर? मी मोठ्यान वाजवली." हंसा "हो" म्हणाली.

तो कारखाना पुढे नाव बदलून पुन्हा सुरू झाला. गोदूबाई वाचली, पण तिचा दम कायमचा गेला. दारात बसून ती कारखान्याच्या दिशेला शिव्या देत असायची आणि हंसा दिसली की जागा करून द्यायची. फुटलेल्या ओठाचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. रामकिसन मराठवाड्यात परत गेला.

नागोरावांचा आवाज गेला. घोगरा, कुजबुजीएवढा राहिला. वर्गात पहिल्या बाकाच्या मागे ऐकू यायचा नाही, म्हणून पोरं पुढे सरकून बसायची. हलगी त्यांनी पुन्हा कधी हातात घेतली नाही. जूनच्या सभेत ते उभे राहायचे आणि एवढंच सांगायचे: "मी दवंडीवर संशोधन केलं. ते माझ्या गावापुरतं खरं होतं." दर वर्षी सुकाच्या दिवशी ते आणि रत्नाबाई टेंभीला यायचे, त्याच्या घरी जेवून जायचे. निवृत्त झाल्यावर सरावली सोडून नांदेडकडे गेले आणि तिथेच, सत्त्याण्णव साली, रत्नाबाईंच्या आधी वारले.

कृष्णकांतांनी तहसील कचेरीला इंग्रजीत एक लांबलचक पत्र लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटी 'आपला विश्वासू' लिहायचं विसरले. पुढे ते प्राचार्य झाले. प्राध्यापक नेमताना संशोधन नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "गाव कोणतं? तिथे धोका झाला की लोक काय करतात?"

हंसाने डॉक्टरेट केली ती टेंभीवर, न बोलण्यावर. मुंबईच्या बाई तेव्हा थकल्या होत्या, प्रबंध हातात घेऊन म्हणाल्या, "आता मी हसते."

पण ते पुढचं. त्याच्या आधी कमलाकांतची बोट परत यायला सात महिने होते, आणि ते हंसाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. टेंभीला असताना पोस्टमन दाराशी आला की ती आत जायची. पत्र काशीबाईने घ्यायचं. काशीबाई तिला कधी बोलली नाही की तू खोटी पाठ दिलीस. फक्त त्या वर्षी नारळी पुनवेला तिने समुद्राला एक नारळ जास्तीचा दिला, आणि मरेपर्यंत दर वर्षी देत राहिली. कमलाकांत सप्टेंबरात आला, काळवंडलेला, दोन ट्रांझिस्टर घेऊन. सुखरूप निवृत्त झाला आणि आता अंगणात जाळी विणतो.

कमळी बोईसरच्या शाळेत शिकवते. तिला त्या दिवसातलं फक्त आजीच्या हाताचा वास आठवतो, सुक्या बोंबलाचा. काशीबाई गेल्यावर तो जास्तीचा नारळ तीच देते. का देते ते तिने आईला विचारलेलं नाही.